सैनिक शाळा प्रवेश परीक्षा : पाचवीतल्या मुलाचा मराठी शब्दसंग्रह कसा वाढवायचा?

कवडसे
नमस्कार मंडळी. मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यम. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं हे त्याच्याच डोक्यात आहे, आम्ही ढकललेलं नाही. फॉर्ममध्ये माध्यमही मराठीच घेतलंय. परवा घरी घड्याळ लावून सराव पेपर सोडवला, गणित ५० पैकी ३९ बरोबर, बुद्धिमत्ता चाचणी छान, सामान्य ज्ञान बरं आणि भाषा २५ पैकी ११!! आमचं घर मराठी, शाळा मराठी, आणि पोरगं मराठीतच आपटलं. उतारा बरोबर सोडवला, चुकलं ते सगळं समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द यात. कृतज्ञच्या विरुद्धार्थी 'अकृतज्ञ' शोधत बसला, तो पर्यायात नव्हता म्हणून सोडून दिला. 'अनुज' म्हणजे मोठा भाऊ असं लिहून आला.
एक गाईड आणलंय, त्यात समानार्थी शब्दांची भलीमोठी यादी आहे. रोज वीस शब्द पाठ करून घेते, तो बिचारा करतोही, पण रविवारी विचारलं की सोमवारचे शब्द गायब. त्याची मेहनत वाया जाताना बघवत नाही म्हणून विचारतेय, ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी काय केलं?

ओसरी
वाचतेय. आमचीही पाचवी, आमचीही तीच यादी, तेच गाईड असावं बहुतेक :)

गणितवेडा
थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. सहावीच्या पेपरात एकूण ३०० गुण. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी ३ म्हणजे १५०, भाषेचे २५ प्रश्न प्रत्येकी २ म्हणजे फक्त ५०. गणितात ११ प्रश्न चुकलेत म्हणजे ३३ गुण तिथे पडून आहेत. शब्द पाठ करण्यात जाणारा वेळ गणितात घाला, जास्त फायदा होईल.

कवडसे
@गणितवेडा, राग कसला. पण भाषेत १४ चुकले म्हणजे २८ गुण गेले ना. आणि गणितातल्या ११ पैकी निम्मे तर घाईच्या चुका आहेत, त्या सरावाने जातील. शब्द माहीतच नसेल तर कितीही वेळ विचार करून काय उपयोग.

पिंपळपान
निगेटिव्ह मार्किंग नाहीये या परीक्षेत, तेव्हा आधी त्याला सांगा की प्रश्न सोडून यायचं नाही. बाकी प्रत्येक विभागात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के लागतात, त्यात तो बसतोयच. पण गुणवत्ता यादीत दोन-दोन गुणांवर नंबर मागे-पुढे होतात, त्यामुळे भाषा सोडून चालणार नाही हे कवडसे ताईंचं बरोबर आहे.

खडूफळा
जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.
ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. यादीत 'कमळ : पंकज, नीरज, जलज, अंबुज' असं ओळीने येतं आणि मूल ते मंत्रासारखं म्हणतं, अर्थाला हात न लावता. त्यापेक्षा वहीचं एक पान आडवं धरा आणि चौकट आखा. डावीकडे पाण्याचे शब्द लिहा : जल, नीर, अंबू, वारी, तोय, पय. वर तीन रकाने करा. पहिला 'ज' म्हणजे जन्मलेला, दुसरा 'द' म्हणजे देणारा, तिसरा 'धी' म्हणजे साठा.
आता मुलालाच भरू द्या. पाण्यात जन्मलेलं ते कमळ : जलज, नीरज, अंबुज, वारिज. पाणी देतो तो ढग : जलद, नीरद, अंबुद, तोयद. पाण्याचा साठा तो समुद्र : जलधी, अंबुधी, वारिधी, पयोधी. हे नऊ तुकडे कळले की दीड डझनापर्यंत शब्द हातात येतात, आणि मुख्य म्हणजे कधी न वाचलेला शब्द पेपरात आला तरी पोर फोड करून बघतं. 'ज' कळला की पुढे पंकज (पंक म्हणजे चिखल), अंडज, द्विज, आणि तुमचे ते अनुज-अग्रजसुद्धा. अनु म्हणजे मागून, मागून जन्मला तो धाकटा. अग्र म्हणजे पुढे, तो थोरला.
तसाच 'ग' म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, त्यात जाणारा खग. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जाणारा उरग म्हणजे साप. वेगाने जातो तो तुरग, घोडा. आणि जो जातच नाही तो नग, म्हणजे डोंगर. हा शेवटचा सांगितला की वर्ग हमखास हसायचा, आणि जो शब्द हसून शिकला तो विसरत नाही.

चैत्रपालवी
खडूफळा सर, काय सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली. आम्हाला शाळेत असं कुणी शिकवलंच नाही, नगचा डोंगराशी संबंध आज कळला.

मावळतीकर
सर, एक शंका. तुम्ही डावीकडे 'अंबू' आणि 'वारी' दीर्घ लिहिलंय आणि आत अंबुज, वारिज ऱ्हस्व. टायपो आहे का? आणि वारी म्हणजे पाणी? पोरांना पंढरीची वारीच आठवणार.

खडूफळा
@मावळतीकर, टायपो नाही. संस्कृतातून आलेला शब्द मराठीत एकटा उभा असेल तर शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, समासात पहिला आला की तो मूळचा ऱ्हस्व होतो. रवी पण रविवार, गुरू पण गुरुवार, बुद्धी पण बुद्धिमत्ता. वारी-वारिज तसंच. आणि हो, मुलांना पंढरीचीच वारी आठवते, म्हणून मी जल आणि नीरपासून सुरू करायचो, वारी सगळ्यात शेवटी.

गणितवेडा
सर, आदर आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला तोयद आणि पयोधी? पेपर काढणारा इतका क्रूर नसतो हो. जुने पेपर बघा, जलद, पंकज, खग इथपर्यंतच येतं.

खडूफळा
मान्य. तोयद येणार नाही. पण चौकट भरताना त्याने तोयद स्वतः बनवला तर जलद त्याच्या डोक्यातून हलणार नाही, माझा भर त्यावर आहे.

रानभैरी
सरांचं सगळं पटलं तरी माझा अनुभव वेगळा आहे. माझी मुलगी बसली होती (मुलींना सैनिक शाळांत २०२१-२२ पासून सहावीत प्रवेश सुरू झाला, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी). आमचं घर गावाकडे, शेती. तिला तत्सम शब्द अजिबात यायचे नाहीत पण समूहदर्शक शब्दांत एक चूक नाही. कारण ते शब्द तिने कधी पाठ केलेच नव्हते. उसाची मोळी तिने उचललीय, केळीचा घड, गवताचा भारा, मेथीची जुडी, आंब्याची अढी हे सगळं घरातच. आज्जी भाकऱ्या थापून चवड रचते ती रोज बघते. शहरातल्या तिच्या आत्तेभावाला 'अढी' विचारलं तर तो म्हणाला मनातली अढी ना! तेही बरोबरच आहे म्हणा.
तेव्हा माझं म्हणणं, पुस्तकाआधी मुलाला बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात न्या आणि तुम्ही स्वतः बोलताना नेमका शब्द वापरा. आपणच 'ते गवताचं एवढं मोठं बंडल' म्हणतो आणि मग मुलाला भारा येत नाही म्हणून रडतो.

चैत्रपालवी
+१००. किल्ल्यांचा जुडगा!

ओसरी
द्राक्षांचा घोस

मावळतीकर
उंटांचा तांडा, पोत्यांची थप्पी, ताऱ्यांचा पुंज

पिंपळपान
नाण्यांची चळत. आमच्याकडे भाकऱ्यांचीही चळतच म्हणतात पण.

रानभैरी
आमच्याकडे चवडच. चळत पैशाची.

खडूफळा
दोन्ही ऐकलंय, आणि घरी जे म्हणता ते चुकीचं नाही. पण पेपरात पर्याय एकच बरोबर धरतात, तिथे भाकऱ्यांची चवड आणि नाण्यांची चळत. मुलाला एवढंच सांगा की ही पुस्तकातली जोडी आहे, 'आज्जी चुकीचं बोलते' असं मात्र सांगू नका कृपा करून.

छात्र_९४
मी स्वतः सैनिक शाळेचा माजी विद्यार्थी. साताऱ्याची आमची शाळा १९६१ची, देशातली पहिली सैनिक शाळा. आता चंद्रपूरलाही आहे, २०१९ पासून. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.
पहिली, वाक्प्रचार इतिहासातून शिकवा. ज्या मुलाला सैन्याची ओढ आहे त्याला 'अटकेपार झेंडा लावणे' म्हणजे मोठा पराक्रम करणे असं रटवायची गरजच नाही. नकाशा काढा, सिंधू नदीकाठचं अटक दाखवा, १७५८ मध्ये मराठी फौजा तिथवर पोचल्या होत्या हे सांगा. पुण्यापासून अटकेपर्यंत बोट फिरवायला लावा. 'पानिपत होणे' म्हटलं की १४ जानेवारी १७६१. 'ध चा मा करणे' म्हटलं की १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून आणि 'धरावे'चं 'मारावे' केल्याची ती प्रसिद्ध कथा. वाक्प्रचारही झाला आणि सामान्य ज्ञानही, त्याचेही २५ प्रश्न आहेत.
गनिमी काव्यातला गनीम म्हणजे शत्रू, हे किती जणांना माहीत असतं? अष्टप्रधान तर समानार्थी शब्दांचा खजिनाच आहे. पेशवा म्हणजे पंतप्रधान, सरनौबत म्हणजे सेनापती, मुजुमदार म्हणजे अमात्य, डबीर म्हणजे सुमंत. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, हे सांगितलं की मुलाला कळतं की शब्द हे राज्यकारभाराचंही काम आहे.
दुसरी गोष्ट, आत गेल्यावर शिक्षण इंग्रजीतून आहे. सहावीला मराठी माध्यम घेता येतं, नववीची प्रवेश परीक्षा तर फक्त इंग्रजीतूनच असते. मी मराठी शाळेतून गेलो, पहिले सहा महिने फार जड गेले. तेव्हा रोज पाच इंग्रजी शब्द आत्तापासूनच चालू ठेवा.

कवडसे
@छात्र_९४, हे वाचून मुलगा नकाशा घेऊनच बसला! अटक सापडलं. बाबाला विचारतोय आपण तिथे जाऊ शकतो का.

शून्यातून
कोणी नवोदयचं बघतंय का? तिथे वेगळं आहे. ८० प्रश्न, २ तास, भाषेचे २० प्रश्न आणि ते चार उताऱ्यांवर प्रत्येकी पाच. त्यामुळे सुटे शब्द पाठ करून तिथे फार उपयोग होत नाही, उताऱ्यात शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून काढावा लागतो. माझा मुलगा दोन्हींना बसणार आहे, म्हणून आम्ही रोज एक छोटी बातमी मोठ्याने वाचतो. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, आधी अंदाज सांगायचा आणि मगच शब्दकोश उघडायचा. अंदाज चुकला तरी चालेल पण सांगायचाच. आधी तो मख्ख बसायचा, आता अंदाजावर माझ्याशी भांडतो.

ओसरी
अंदाज लावण्यावरून आठवलं. आमच्या लेकीला विचारलं 'कानाडोळा करणे' म्हणजे काय, तर म्हणाली कानाने बघणे. आणि 'हातावर तुरी देणे' म्हणजे रेशन दुकानातून डाळ आणणे =))

मावळतीकर
आमच्याकडे 'पोटात कावळे ओरडणे'चं वाक्य : डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर पोटात कावळे ओरडत होते.

रानभैरी
हाहा, पण वाक्यात उपयोग झाला की!

पिंपळपान
मूळ प्रश्न विसरण्याचा होता ना, की सोमवारचे शब्द रविवारी गायब. त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विसरणं हा त्याचा दोष नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग वेग मंदावतो. त्याने तर मुद्दाम निरर्थक अक्षरं पाठ केली होती. अर्थ न कळलेली यादी मुलासाठी जवळपास तशीच असते.
आम्ही केलेला उपाय : बुटांचा रिकामा खोका, पुठ्ठ्याने तीन कप्पे. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ नाही तर त्याने स्वतः केलेलं वाक्य. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात परत. नवीन शब्द रोज सहाच, वीस नाही. आणि चिठ्ठी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायची, तुम्ही लिहून दिलीत तर निम्मं काम गेलं.

गणितवेडा
हा खोका आवडला. पाढ्यांना आणि वर्गसंख्यांना पण चालेल.

चैत्रपालवी
मी आवाजांची भर घालते, मुलांना हे फार आवडतं आणि परीक्षेतही असतं. हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, भुंग्याचा गुंजारव, घोड्याचं खिंकाळणं, पानांची सळसळ, तलवारींचा खणखणाट. आम्ही रात्री जेवताना खेळायचो, एकाने आवाज काढायचा, दुसऱ्याने शब्द सांगायचा. केकारवला कुणालाच आवाज काढता येईना.

खडूफळा
अजून एक राहिलं, ऱ्हस्व-दीर्घ. मुलं याला शुद्धलेखन समजून सोडून देतात पण इथे अर्थच बदलतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी आणि धागाही. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. पर्यायांत हे मुद्दाम शेजारी ठेवतात. मोठ्याने वाचताना दीर्घ लांबवून म्हणायची सवय लावा, कान तयार झाला की डोळा चुकत नाही.
आणि ताई, कृतज्ञ राहिलाच की. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा : सर्वज्ञ, तज्ज्ञ. 'घ्न' म्हणजे मारणारा. त्याला फक्त विचारा, रामाच्या सगळ्यात धाकट्या भावाचं नाव काय.

कवडसे
सर!! आत्ता विचारलं. "शत्रुघ्न" म्हणाला, मग दोन सेकंद गप्प, मग "म्हणजे शत्रूला मारणारा... म्हणजे कृतघ्न उपकाराला मारणारा?" आणि उठून घरभर फिरला. मला काही बोलावंच लागलं नाही.
दुसरी एक गोष्ट सांगायचीय आणि जरा चीड आलीय. अनुज का चुकला म्हणून आज गाईड उघडून बघितलं, तर त्यात अनुज : मोठा भाऊ, अग्रज : धाकटा भाऊ असं उलटं छापलंय! पोरगं बिचारं बरोबर पाठ करून चुकीचं लिहून आलं आणि मी त्याला बोलले. आज त्याला जवळ घेऊन सॉरी म्हटलं.

छात्र_९४
फार बरं केलंत.

ओसरी
बापरे, आमचंही तेच गाईड निघालं, आत्ता बघितलं. मी तर तेच पाठ करून घेतलं होतं. त्या पानावर लाल पेनने दुरुस्ती केली.

गणितवेडा
म्हणूनच कुठल्याही एका पुस्तकावर विसंबू नये. शंका आली की शब्दकोश. (आणि शब्दांत वेळ घालवू नका हे माझं म्हणणं मागे घेतो, हा धागा वाचून मीच चौकट भरली काल रात्री.)

कवडसे
सात आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढतेय. काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.
यादी बंद. पिंपळपान यांचा खोका, रोज सहा चिठ्ठ्या. सरांच्या चौकटी आता चार झाल्यात : पाणी, ज्ञ-घ्न, जाणारा 'ग', आणि पृथ्वीची त्याने स्वतः केली, भूप-महीप राजा आणि भूधर-महीधर पर्वत. शनिवारी त्याच्या बाबांबरोबर मंडईत जातो आणि येताना पाच शब्द आणायचे असा नियम आहे. मागच्या वेळी पोत्यांची थप्पी बघून हमालकाकांशी गप्पा मारत बसला, 'थप्पी लावणे' आणि 'थप्पी मारणे' यात काय फरक ते विचारत. बातमीवाचन मात्र आमच्याकडे टिकलं नाही, कंटाळतो, त्याऐवजी गोष्ट वाचतो.
काल नवीन पेपर सोडवला. भाषा २५ पैकी १९. चुकलेल्या सहांतल्या दोन म्हणी होत्या, त्या आम्ही अजून घेतल्याच नाहीत.
आणि आता त्याचा एक प्रश्न, याचं उत्तर मला आलं नाही. स्टेशनवर अनाउन्समेंट झाली, जलद लोकल येत आहे, तर हा मला म्हणतो, आई, जलद म्हणजे ढग ना, मग गाडीला जलद का म्हणतात? सर, आहात का?

खडूफळा
आहे, आहे! त्याला शाबासकी द्या आधी. दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने सारखे दिसतात. ढग तो जल + द, संस्कृत. गाडीची जलद फारसीतल्या 'जल्द'वरून आली, लवकर या अर्थाने, त्यात पाण्याचा संबंध नाही. आता त्यालाच सांगा, घरात असे अजून जुळे शोध. सुरुवातीला 'पर' देऊन बघा, पक्ष्याचा पर आणि परदेशातला पर.

कवडसे
सांगितलं. 'पर'चं पान उघडून शब्दकोशात डोकं घालून बसलाय, जेवायला हाका मारतेय तर येत नाहीये. म्हणींसाठी कुणी काही सुचवेल का आता?

रानभैरी
म्हणींना आज्जी. आमच्या आज्जीचा फोन नंबर देऊ का :)